ग्रुप झाला का?

वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सव्वाशे जण आहेत, पण डबा उघडायला शेजारी कुणी नाही. कॉलेजमध्ये ‘आपल्यासारखं’ माणूस शोधणाऱ्यांविषयी...

गणपतीची सुट्टी संपली की कॉलेजमध्ये एक गोष्ट पक्की झालेली असते. कोण कुणाच्या ग्रुपमधलं, ते. जुलैमध्ये सगळेच सगळ्यांशी बोलत असतात. कुठून आलास, दहावी कुठून केलीस, सीईटीला किती पर्सेंटाइल पडले. सप्टेंबर उजाडेपर्यंत बाकांवरच्या जागा ठरतात, कॅन्टीनमधली टेबलं ठरतात आणि ज्यांचं काहीच ठरलेलं नसतं ते मधल्या वेळेत फोन कानाला लावून कॉरिडॉरमधून चकरा मारायला लागतात. पलीकडे कुणी बोलत असतंच असं नाही.

वर्गाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप असतो, नाही असं नाही. बहुतेक ठिकाणी दोन असतात. एक सरांसकट आणि एक सरांशिवाय. दोन्हींवर मिळून येणारे मेसेज साधारण तीन प्रकारचे: ‘आज लेक्चर आहे का’, ‘पीडीएफ टाका ना कुणीतरी’ आणि ज्याच्याशी आयुष्यात एकदाही बोललो नाही त्याच्या वाढदिवसाला केकचे इमोजी. रात्री घरून फोन येतो. जेवलीस का, पाऊस आहे का आणि मग आई हळूच विचारते, ‘ग्रुप झाला का गं?’ आपण म्हणतो, ‘हो, आहेत की चार-पाच जणी.’

चार वर्षांपूर्वी मी परभणीहून पुण्यात आले. पहिल्या सेमिस्टरला कॉलेजच्या बोर्डावरची प्रत्येक नोटीस मला पाठ होती. कारण एकटं उभं असलेलं माणूस कामात असल्यासारखं दिसेल अशी संपूर्ण आवारातली ती एकच जागा होती. (पत्रकारितेला त्याचा आता उपयोग होतो म्हणा.)

हा लेख लिहायचं ठरलं तेव्हा हॉस्टेलवरच्या, मेसमधल्या, अभ्यासिकेतल्या ज्युनिअर्सना विचारत सुटले. जवळजवळ प्रत्येकाच्या तोंडी एकच तक्रार. ‘लाइक-माइंडेड कुणी भेटतच नाही.’ म्हणजे नेमकं कसं कुणी, असं विचारलं की मात्र उत्तरं भलतीच वेगवेगळी. एकाला गझल लिहिणारा हवाय. एकीला अ‍ॅनिमे बघणारी. एकाला रात्री गच्चीवर बसून ग्रहतारे बघायला सोबत हवीय आणि पुण्याच्या आकाशात आता ते दिसत नाहीत हे समजून घेणारा हवाय. एक जण म्हणाला, ‘मला फक्त अभ्यासाबद्दल बोलायला कुणीतरी पाहिजे, जो मला घासू म्हणणार नाही.’ एकीची अपेक्षा सगळ्यात साधी होती. दर वेळी कॅफेतच भेटायला पाहिजे असं न म्हणणारी मैत्रीण.

या शेवटच्या अपेक्षेपाशी जरा थांबू. कारण ‘लाइक-माइंडेड’ हा शब्द दिसतो तेवढा साधा नाही. पहिल्या पंधरा दिवसांत जे ग्रुप होतात ते आवडीनिवडी जुळल्या म्हणून होतात, असं मला तरी दिसलेलं नाही. ते होतात शाळेवरून, इंग्रजीवरून, गावावरून आणि पैशावरून. ‘कुठली गं तू?’ या प्रश्नानंतर ‘आडनाव काय?’ हा प्रश्न किती सहज येतो ते बाहेरगावहून आलेल्या कुणालाही विचारा. आडनाव ऐकल्यावर समोरच्याच्या चेहऱ्यावर काहीतरी नोंदवलं जातं. तोंडाने कुणी काही बोलत नाही.

मग भाषा. लातूर-नांदेडकडचा मुलगा पहिल्या दिवशी ‘मी येलालो’ म्हणतो, नागपूरची मुलगी ‘करून राहिली’ म्हणते. चार जण हसतात. हसणाऱ्यांच्या मनात वाईट असतंच असं नाही, पण दुसऱ्या दिवसापासून तो मुलगा जपून बोलायला लागतो. माझंही ‘काय करायलीस’ पहिल्या महिन्यात गेलं. प्रमाण मराठी आम्हाला येत नाही असं नाही, शाळेत तीच शिकलोय. पण त्या भाषेत जोक मारता येत नाहीत. वाक्य मनात नीट जुळवून होईपर्यंत हसण्याची वेळ निघून गेलेली असते. आणि जो जोक मारत नाही तो ‘शांत आहे रे’ म्हणून बाजूला पडतो. त्याच्या गावी तोच मुलगा पारावर पंधरा जणांना हसवत असतो.

पैशाचं तर विचारूच नका. पुण्यात ‘टीटीएमएम’ हा फार लाडका शब्द आहे, तू तुझे मी माझे. ऐकायला एकदम न्याय्य. पण कॅफेतल्या एका कॉफीत ज्याचं मेसचं एका दिवसाचं जेवण होतं, त्याला ‘तू तुझे’ सुद्धा परवडत नाही. तो दोनदा कारण सांगतो, तिसऱ्यांदा त्याला कुणी विचारत नाही. दौंडहून डेमूने रोज ये-जा करणारा पाचची गाडी पकडायला पळतो. लेडीज हॉस्टेलचं गेट साडेआठला बंद होतं. आणि कॉलेजातली खरी मजा तर साडेआठनंतरच सुरू होते, असं सगळे सांगत असतात.

अकरावी-बारावी गेली कुठे?

आमच्या आधीच्या पिढीला हे कोडं कळत नाही. ‘आमच्या वेळी तर अकरावीतच गँग होती,’ असं काका लोक सांगतात. बरोबर आहे, कारण ते अकरावीत कॉलेजला जात होते. आमच्यातले कितीतरी जण, विशेषतः सायन्सवाले, गेलेच नाहीत. नाव एका ज्युनिअर कॉलेजात आणि मुलं दिवसभर क्लासमध्ये, यालाच ‘इंटिग्रेटेड’ म्हणतात. हा प्रकार इतका वाढला की २०१८ मध्ये राज्य सरकारला मुंबई, पुण्यासारख्या शहरांत अकरावी-बारावी सायन्सला बायोमेट्रिक हजेरी आणावी लागली. क्लास काही थांबले नाहीत. तिथे गॅदरिंग नाही, ग्राउंड नाही, बॅचही मार्कांवरून ठरणार. दर टेस्टनंतर शेजारचा बदलतो. अशी दोन वर्षं काढून आलेला अठरा वर्षांचा मुलगा एफवायच्या वर्गात बसतो तेव्हा त्याने दहावीनंतर एकही नवा मित्र केलेला नसतो. त्याची सवयच मोडलेली असते.

त्यात आता वर्ग नावाची गोष्टही पातळ झालीय. २०२४-२५ पासून राज्यातल्या संलग्न कॉलेजांतही नवं शैक्षणिक धोरण आलं. मेजर एकीकडे, मायनर दुसरीकडे, ओपन इलेक्टिव्ह तिसऱ्याच फॅकल्टीत. विषय निवडायला मिळतात हे छानच आहे, मला मिळाले असते तर मीही खूश झाले असते. पण नऊच्या लेक्चरला शेजारी बसलेली मुलगी अकराच्या लेक्चरला दिसत नाही, आणि ‘आमचा वर्ग’ म्हणून भांडायला, वर्गणी काढायला, मास बंक मारायला कुणी उरत नाही.

आणि डोक्यात काय असतं? ‘दुनियादारी’! सुहास शिरवळकरांच्या कादंबरीवरचा तो सिनेमा २०१३ साली आला तेव्हा आम्ही शाळेत होतो. बाहेरगावचा मुलगा पुण्यात कॉलेजला येतो आणि बघता बघता कट्टा गँगचा होऊन जातो. आम्हाला वाटलं, अ‍ॅडमिशनसोबत कट्टा मिळतो. प्रत्यक्षात बऱ्याच आवारांत कट्ट्यावर बसलं की सिक्युरिटीवाले काका शिट्टी मारत येतात. आय-कार्ड दाखवा, लेक्चर नसेल तर लायब्ररीत बसा नाहीतर घरी जा. ‘विनाकारण थांबू नये’ अशी पाटी मी स्वतः पाहिलीय.

मैत्रीला नेमकं हेच विनाकारण थांबणं लागतं, असं संशोधनही सांगतं. अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठाचे जेफ्री हॉल यांनी २०१८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. नव्या गावी राहायला गेलेली माणसं आणि कॉलेजच्या पहिल्या वर्षातली मुलं यांना मैत्री व्हायला किती तास लागतात, असा त्यांचा प्रश्न होता. ओळखीचा ‘मित्र’ होईपर्यंत साधारण ५० तास, बऱ्यापैकी मैत्रीला ९० आणि जिवलग म्हणण्याइतकं जवळ यायला २०० हून जास्त. त्यातही नुसत्या एकत्र कामाच्या तासांचा फारसा उपयोग होत नाही. गप्पा, खेळ, टाइमपास यांचा होतो.

आता आपला हिशोब करा. लेक्चर सुटल्यावर टपरीवर वीस मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस. आठवड्याची शंभर मिनिटं झाली. ५० तास भरायला तीस आठवडे लागतात. पंधरा-पंधरा आठवड्यांची दोन सेमिस्टर, म्हणजे सबंध वर्ष. आणि एवढं करून ती मैत्री प्राथमिक फेरीतलीच! सप्टेंबरमध्ये ‘माझं कुणीच नाही’ म्हणून रडणाऱ्या एफवायवाल्यांचं काही चुकलेलं नाही. त्यांचे तास भरलेले नाहीत.

कंदिलाचा शोध

तास कुठे भरतात? याचं एक सरकारी उत्तर आहे आणि ते मला फार आवडतं. राष्ट्रीय सेवा योजना, म्हणजे आपलं एनएसएस, २४ सप्टेंबर १९६९ ला देशातल्या ३७ विद्यापीठांत सुरू झालं. स्वयंसेवकाने दोन वर्षांत २४० तास द्यायचे आणि सात दिवसांचं शिबिर करायचं. ही अट घालणाऱ्यांच्या मनात मैत्री नसणार. त्यांना श्रमदान हवं होतं. पण आकडा बघा. शिबिरात दिवसाचे जागे असलेले सोळा तास धरले तरी सात दिवसांत ११२ होतात. दिवसा चर खणायचे, संध्याकाळी पन्नास जणांच्या पोळ्या लाटायच्या, रात्री शाळेच्या खोलीत ओळीने सतरंज्या. ‘शांत आहे रे’ म्हणून वर्गात बाजूला पडलेली मुलं तिथे एकदम सापडतात, कारण चूल पेटवायला प्रमाण मराठी लागत नाही. गावाकडच्यांना ते काम जास्त चांगलं येतं आणि शहरातले त्यांच्या मागे मागे फिरतात. विद्यापीठाच्या कमवा आणि शिका योजनेतही हेच होतं. दोन-तीन तास बागेत किंवा लायब्ररीत काम करणाऱ्यांची आपसातली यारी जरा निरखून बघा. तिथे कुणी कुणाला कॅफेत बोलावत नाही.

पुण्यात आणखी एक जागा आहे आणि तिच्याबद्दल मी तटस्थपणे लिहूच शकणार नाही. एकांकिका. पुरुषोत्तम करंडक १९६३ मध्ये सुरू झाला, फिरोदिया १९७४ मध्ये. पुरुषोत्तम नाटकवाल्यांचा. फिरोदियात नाटकात गाणं, नाच, चित्र, शिल्प, वाद्यं, जादू, मल्लखांब असं काहीही गुंफता येतं, त्यामुळे ज्यांचं एरवी एकमेकांशी काडीचं जमणार नाही अशी माणसं एका हॉलमध्ये कोंबली जातात. तबला वाजवणारा इंजिनीअर, रांगोळीवाली, भिंती रंगवणारा आणि स्टेजवर जायची भीती वाटणारी मी.

मला प्रॉपर्टीचं काम मिळालं होतं. नाटकात एक जुना कंदील हवा होता, खरा, काच असलेला. तो आणायला माझ्यासोबत दिलं होतं एका मुलीला, जिच्याशी वर्षभरात मी चार वाक्यं बोलले नव्हते. ती पुण्याची, इंग्लिश मीडियमची, क्रिकेटवेडी. मला ऑफसाइड म्हणजे काय तेही माहीत नाही. (‘ते फुटबॉलमध्ये असतं आणि क्रिकेटमध्ये वेगळं असतं,’ हे तिनेच नंतर सांगितलं.) जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. पहिल्या रविवारी कंदील मिळाला नाही. दुसऱ्या रविवारी मिळाला, पण काच नव्हती. तिसऱ्या रविवारी काच मिळाली, ती कंदिलाला बसेना. तीन रविवार आम्ही नटबोल्टांच्या, तुटक्या पंख्यांच्या ढिगांतून हिंडलो. दुसऱ्या रविवारी एका दुकानदाराशी भाव करताना माझ्या तोंडून अस्सल परभणी बाहेर पडली आणि त्याने चाळीस रुपये कमी केले. ती बघतच राहिली. ‘तू अशीच बोल ना नेहमी,’ म्हणाली.

आमच्यात तेव्हा काहीही ‘लाइक-माइंडेड’ नव्हतं. आता पुष्कळ आहे. ती माझ्यामुळे व्यंकटेश माडगूळकर वाचते, मी तिच्यामुळे टेस्ट मॅच बघते, निदान शेवटच्या दिवशीची तरी. मन जुळलं म्हणून आम्ही एकत्र आलो नव्हतो. एकत्र हिंडत राहिलो आणि मग कधीतरी ते जुळलं. मला वाटतं, गझलवाल्याला गझलवालाच हवा असण्यात गडबड इथे आहे. तो शोधतोय तयार माणूस. आणि इन्स्टावर तसा मिळतोही. हैदराबादचा, इंदूरचा, एकदम आपल्या आवडीचा. त्याच्याशी रात्री दोनपर्यंत चॅट होतं. फक्त ताप आल्यावर मेसमधून डबा आणून द्यायला तो नसतो.

जवळपास असणं ही क्षुल्लक गोष्ट वाटते, पण ती नाही. अमेरिकेत एमआयटीच्या आवारातल्या निवासी इमारतींचा एक जुना अभ्यास आहे, फेस्टिंगर, शॅक्टर आणि बॅक यांचा. त्याचं पुस्तक १९५० मध्ये आलं. शेजारशेजारच्या दारांतल्या ४१ टक्के लोकांची एकमेकांशी घट्ट मैत्री होती, मजल्याच्या दोन टोकांना राहणाऱ्यांत ती १० टक्क्यांवर आली. जिन्याजवळ ज्यांचं घर होतं त्यांना मित्र जास्त. म्हणून मी ज्युनिअर्सना सांगते, रोज जागा बदलून बसू नका, एकाच बाकावर बसा. मेसची वेळ एकच ठेवा. अभ्यासिकेत तेच टेबल धरा. ओळखीचं तोंड व्हा आधी. बोलायचं काय, हा प्रश्न चौथ्या-पाचव्या दिवशी आपोआप सुटतो, बहुतेक वेळा चार्जरवरून.

कॉलेजं मात्र यासाठी फ्रेशर्स पार्टी करतात. एका संध्याकाळी डीजे, मिस्टर अँड मिस फ्रेशर, खुर्चीचा खेळ. आधीच ज्यांचा ग्रुप आहे ते नाचतात, बाकीचे भिंतीला टेकून कोल्ड ड्रिंक पितात. तेवढ्या पैशात आवारात चार बाकडी टाकली आणि शिट्टीवाल्या काकांना जरा आवरलं, तर जास्त उपयोग होईल, असं माझं स्पष्ट मत आहे.

अजून एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. २०१८ मध्येच एरिका बूथबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक मजेशीर शोध लावला. दोन अनोळखी माणसं बोलून झाली की प्रत्येकाला वाटतं, समोरच्याला मी फारशी आवडले नाही. प्रत्यक्षात समोरच्याला ती आपल्या अंदाजापेक्षा जास्त आवडलेली असते. हे त्यांनी कॉलेजच्या पहिल्या वर्षातल्या रूममेट्समध्येही तपासलं, तर कित्येक महिने तोच गैरसमज टिकून होता. हे वाचल्यावर मला आमच्या हॉस्टेलचा पॅसेज आठवला. दारं बंद करून आत बसलेल्या आणि ‘तिला माझा कंटाळा येत असेल’ असं एकाच वेळी वाटून घेणाऱ्या दोन मुली.

सगळ्यांना गँग हवी असते असंही नाही. मेसमध्ये भेटलेला एक जण म्हणाला, मला एकच मित्र आहे आणि तो पुरतो. पुरावाच. रॉबिन डनबार हे मानववंशशास्त्रज्ञ माणसाच्या नात्यांची वर्तुळं सांगतात, त्यात अगदी आतल्या वर्तुळात जेमतेम पाच माणसं मावतात आणि त्यातच घरचेही आले. स्टोरीला तीनशे व्ह्यूज येणाऱ्याकडेही आत एवढीच जागा असते.

पण काही जणांचं एकटं पडणं एवढ्यावर थांबत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालानुसार जगात दर सहा माणसांमागे एकाला एकटेपणा सतावतो, आणि तरुण वयात तो जास्त आहे. झोप उडाली, मेसला जाणं बंद झालं, घरचा फोन उचलावासा वाटेना, जगणंच नको वाटायला लागलं, तर ‘एनएसएसला जा’ हे त्यावर उत्तर नाही. टेली-मानसचा १४४१६ हा नंबर चोवीस तास सुरू असतो, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. शेजारच्या खोलीतलं कुणी असं दिसलं, तर नंबर फॉरवर्ड करून मोकळं होऊ नका. दार वाजवा आणि डबा घेऊन आत जा.

बाकीच्यांसाठी एवढंच, की अजून वेळ गेलेली नाही. एनएसएसची शिबिरं बहुतेक कॉलेजांत डिसेंबर-जानेवारीत असतात. फिरोदियाच्या तालमी दिवाळीनंतर जोरात सुरू होतात. तोवर नट ठरलेले असतात आणि ऑडिशन देऊन परत आलेल्यांची यादीही लांब असते. बॅकस्टेजला मात्र माणसं कायम कमी पडतात. हॉलच्या दाराशी जाऊन ‘काही उचलायचंय का?’ विचारलं तरी चालतं.